डोरीनबाईंचं काम

मी रॉचडेलची, उत्तर इंग्लंडातल्या जुन्या गिरणगावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि तीही थेट या सहाशे वर्षं जुन्या कॉलेजची. माझ्या जिन्यालगतच्या खोल्यांतल्या मुली सुट्टीत कुठल्या डोंगरावर बर्फात घसरायला जायचं यावर तासन्‌तास वाद घालतात. मी त्यात पडत नाही. तोंड उघडलं की बोलीवरून माझं गाव कळतं.

पण सगळ्यात अवघड सकाळ. इथे रोज खोली झाडायला बाई येते. आमच्याकडे डोरीनबाई. माझी आई वीस वर्षं हॉस्पिटलच्या फरश्या पुसतेय. मी लोळत पडावं आणि तिच्याच वयाच्या बाईनं माझा कचरा उचलावा? छे, जमणारच नव्हतं. मग सात वाजता उठून मी पलंग नीट करायचे, बेसिन घासायचे, टोपली बाहेरच्या पिंपात रिकामी करून यायचे. तीन आठवडे असंच चाललं.

आणि आमच्या ट्यूटर, डॉ. ट्रेविथिक, यांची चिठ्ठी आली : सोमवारी अकराला भेटून जा. झालं, मला चुकून घेतलंय हे यांना कळलं. रविवारी बॅग भरली. आईला फोन केला नाही. सांगणार काय, कप्पाळ?

सोमवारी ट्यूटरबाई अभ्यासाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. जेवतेस का, झोप लागते का, हेच विचारत बसल्या. शेवटी त्यांनीच बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. डोरीनबाईंनी कळवलं होतं, टोपलीत बिस्किटाचा कागदसुद्धा नसतो, पोरगी उपाशी राहते की काय. मुलांचं काही बिनसलेलं दिसलं की या बायकांनी कळवायचं, ही इथली रीत.

मला हसू आलं आणि रडूही. आईचं, माझ्या सकाळच्या आवराआवरीचं, सगळं सांगून टाकलं, आणि भीत भीत विचारलं, "म्हणजे मला काढणार नाही ना?"

"खोली आवरल्याबद्दल?" त्या म्हणाल्या.

बाहेर डोरीनबाई उभ्याच होत्या. त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, गहिवरतील. कसलं काय!

"तुझ्या आईच्या हातातलं फडकं कुणी ओढून घेतलेलं चालेल का तिला?" त्या कडाडल्या. "इथे शिकायला आलीस ना? मग शीक. माझ्या कामात लुडबुड करू नकोस. आणि डोळे बघ कसे झालेत. झोपत जा जरा."

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! घर सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला हक्कानं झापलं होतं.