पावाची पाळी

शनिवारची दुपार होती. दोन खोल्यांच्या त्या घरात सून ओट्यापाशी उभी राहून पावाचं पीठ मळत होती, सासू स्टुलावर बसून तिला न मागितलेले सल्ले देत होती, आणि घरचा कर्ता पुरुष दाराबाहेरच्या पायरीवर बसून जेवत होता. त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं. तो आपणहून बसला होता.

"अरे, आत ये की," म्हातारी म्हणाली. "रुसलेल्या जावयासारखा काय बसलायस?"

"पाव भाजून होऊ दे आई, मग येतो."

"सकाळपासून हात धुतोयस. आता कातडं तेवढं सोलून दोरीवर वाळत घाल!"

सून हसली, तोही हसला. पण आत आला नाही. तो रुग्णालयाच्या शवागारात कामाला होता. मृतदेह धुणं, पुसणं, घरच्यांना चेहरा बघवेल असं करून त्यांच्या स्वाधीन करणं, हे त्याचं काम. माणूस गेला की लोक त्याला हात जोडत. एरवी त्याच्या घरी चहा विचारला, की त्या गल्लीत प्रत्येकाने तो आत्ताच घेतलेला असे.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब शहरातल्या एका चर्चमध्ये गेलं आणि तिथलंच झालं. तिथे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एक बाई होत्या. शंका विचारणाऱ्याला तिथे कोणी अश्रद्ध म्हणत नसे. घटस्फोटित बाई असो, एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष असोत, कुणालाही मागच्या बाकावर सरकवलं जात नसे. शास्त्र डोळे उघडे ठेवून वाचायचं आणि माणसात देव बघायचा, एवढीच तिथली शिकवण. आतल्या भिंतीवर लिहिलं होतं: 'देवाच्या टेबलाला दरवान नसतो.' हे वाक्य प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईंनी सुचवलं होतं. सगळे त्यांना लॅबवाल्या ताई म्हणत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच पाव वाटून खाण्याचा विधी असे. त्यासाठीचा पाव दर वेळी एका घराने भाजून आणायचा आणि उपासना संपली की त्याच घराने सभागृह झाडायचं, अशी तिथली जुनी रीत होती. या घराची पाळी मात्र कधी येत नव्हती. "तुमची ड्यूटी कधीही लागते, उगाच त्रास कशाला?" असं लोक फार मायेने म्हणत.

शेवटी लॅबवाल्या ताई चर्चच्या समितीत भांडल्या. "भट्टीच्या आचेत कुठला जंतू जगतो ते मला सांगा," त्या म्हणाल्या. या घराला पाळी मिळाली.

त्या शनिवारी भाजलेल्या पावाचं ताट दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाकाबाकावरून फिरलं. प्रत्येकाने तुकडा मोडून घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. पाव सुरेख फुलला होता. लॅबवाल्या ताईंनी तुकडा घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि त्यांना त्यांचे वडील आठवले. तीन वर्षांपूर्वी शवागारात वडिलांच्या मृतदेहाची मान याच माणसाने हळूच वळवली होती, कानामागचं रक्त पुसलं होतं. तेव्हा ताईंनी त्याचे हात धरून आभार मानले होते. आज तेच हात डोळ्यांसमोर आले आणि तुकडा ओठांपाशीच राहिला. आचेचं तापमान त्यांना पाठ होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी खोकला आल्याचं निमित्त केलं आणि तुकडा रुमालात, रुमाल पर्समध्ये गेला. कुणी पाहिलं नाही. प्रत्येक जण आपल्याच हाताकडे बघत होता.

सभागृह रिकामं झाल्यावर त्या घरातली तिघं झाडायला लागली. म्हातारी बाकाखाली वाकली आणि तशीच थांबली.

"अगं, इकडे बघ."

बाकाखाली पावाचे तुकडे होते. गीतांच्या पुस्तकात एक दाबलेला होता. पडद्यामागे खिडकीत चार ओळीने ठेवले होते. एक तर फुलदाणीत तरंगत होता.

"उंदीर असतील," मुलगा म्हणाला.

"उंदरांनी खाल्ले असते," म्हातारी म्हणाली.

सून तुकडे ओंजळीत गोळा करू लागली. तेवढ्यात विसरलेली छत्री न्यायला लॅबवाल्या ताई परत आल्या आणि दारातच खिळल्या. सुनेने वर पाहिलं.

"ताई, तुमचा तुकडा कुठंय?"

ताईंचा हात पर्सवर गेला. उत्तर तेवढंच होतं.

"चल गं, राहू दे," नवरा पुटपुटला. बायकोकडे बघायची त्याला लाज वाटत होती, जणू गुन्हा त्याचाच.

सोमवारी संध्याकाळी ताई त्यांच्या घरी गेल्या. म्हातारीचा मुलगा ड्यूटीवर होता. म्हातारीने पुढे केलेला चहा ताईंनी घटाघट पिऊन टाकला. मग रुमाल उघडला. "माझं चुकलं. तुमच्यासमोर खाते," असं म्हणून त्यांनी तुकडा उचलला. सुनेने त्यांचं मनगट धरलं.

"इथे नको. टाकलात चारचौघांत बसून, आणि खाणार चोरून?"

"मी तुमच्यासाठी समितीत भांडले होते हो..."

"म्हणून तर जास्त लागलं. बाकीच्यांकडून आशाच नव्हती."

ताईंना त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही. आपण वाईट माणूस नाही, हे त्यांनी स्वतःला नाना परीने पटवून पाहिलं. पण वाईट माणसाने तरी पाळीसाठी भांडून मग पाव लपवला नसता.

पुढच्या रविवारी पापांगीकाराच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून चुका कबूल करण्याच्या वेळी सगळे उभे राहिले. नेहमीचे शब्द एका सुरात सुरू झाले, 'आम्ही', 'आमच्याकडून'. लॅबवाल्या ताई मध्येच मोठ्याने म्हणाल्या, "आम्ही नाही. मी."

सूर तुटला. त्यांनी तुकडा हातात धरला होता.

"हा मागच्या रविवारचा पाव. मी खाल्ला नाही. कारण तो कुणाच्या घरचा आहे ते मला माहीत होतं."

"बाई, हे आपण नंतर बोलू ना," पुढच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"नंतर नको," पाळकबाई म्हणाल्या. त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या. झग्याच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. "माझाही आहे. आठवडाभर टाकवतही नव्हता आणि खाववतही नव्हता."

सभागृहात पर्सच्या चेनी चाचपल्याचे आवाज झाले. पुढे काय करायचं, कुणालाच सुचेना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून म्हातारीचा आवाज आला.

"आता खाणार, की नुसतं प्रदर्शन मांडणार?"

कुणी हसलं नाही. दोघींनी तुकडे तोंडात घातले. पाव दगडासारखा कडक झाला होता. चावण्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. गिळायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळ्यांना उभं राहावं लागलं.

मग लॅबवाल्या ताई चालत मागे गेल्या. "पुढच्या महिन्यात पाव पुन्हा तुम्ही कराल?" त्यांनी सुनेला विचारलं. हे विचारायला त्यांना सगळ्या समितीची गरज वाटली नाही.

सून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, रागही फारसा नव्हता.

"करू. पण या वेळी पीठ हे मळतील," तिने नवऱ्याकडे बोट केलं. "मागच्या खेपेला तुमच्यासाठी मी यांना स्वतःच्या घरात पायरीवर जेवू दिलं. ते पाप माझं. पुन्हा नाही करणार. ज्यांना चालेल त्यांनी ताटाला हात लावा. ज्यांना नाही, त्यांनी सरळ पुढे द्या. लपवू नका."

नवऱ्याने हात खिशातून बाहेर काढले आणि समोरच्या बाकाच्या पाठीवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. स्वच्छ, फार धुतल्याने भेगा पडलेले हात.

वाचकहो, तो पहिला रविवार अजून यायचा आहे. ताट निघेल, बाकाबाकावरून सरकत येईल, आणि शेजारचा माणूस ते तुमच्या हातात देईल.