कोरिनची भांडी घासायची पाळी

रविवारचा नाश्ता आटोपला की टीगांच्या घरी पत्ते वाटले जात. एकच डाव, आणि हरेल त्यानं भांडी घासायची. हा नियम हार्लन टीगच्या बायकोनं घालून दिला होता. ती बिचारी गेली, नियम मात्र राहिला. मुलगा, त्याचं नाव वेड, पस्तिशीचा झाला आणि मुलगी कोरिन बत्तिशीची, तरी दोघं रविवारी बापाकडे यायचीच.

आता गंमत ऐका. एवढ्या वर्षांत वेडनं ढीगभर भांडी घासली. बापानंही घासली. कोरिननं एकदाही नाही.

त्या रविवारीही तेच झालं. वेड आधीच जिंकून सुटला होता. उरले बाप आणि लेक. हार्लननं स्वतःची पानं पाहिली, चष्मा नाकावरून कपाळावर सरकवला आणि पानं पालथी टाकून म्हणाला, "गेलो रे बाबा. आण तो साबण."

"हिच्यासमोरच बरी तुम्हाला वाईट पानं येतात," वेड कुरकुरला. "माझ्यासमोर कधी आली नाहीत ती."

"नशीब लागतं त्याला," हार्लन म्हणाला आणि नळ सोडला.

कोरिन हसली नाही. तिची नजर बापाच्या कपाळावरच्या चष्म्यावर होती.

कुणाला वाटेल, भांड्यांचं ते काय मोठं! पण ही माणसं साधी नव्हती. हार्लन टीग म्हणजे आमच्या लास व्हेगासमध्ये पोकर या पत्त्यांच्या खेळातलं मोठं नाव. आमच्या 'सिल्व्हर सॅडल' स्पर्धेत जिंकणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं, आणि हार्लनच्या पट्ट्यांना तशी दोन बक्कलं होती. आणि नेमक्या त्या रविवारी दुपारी याच स्पर्धेचं अंतिम टेबल होतं. हजारावर खेळाडूंमधून सहा उरले होते. त्यात एक हार्लन होता, आणि एक कोरिन.

कोरिन नऊ वर्षं हा खेळ पोटापाण्यासाठी खेळत होती. चांगली खेळत होती. पण ती जिंकली की लोक म्हणत, "हार्लनची मुलगी ना, मग काय." आणि हरली की म्हणत, "हार्लनची मुलगी असून?" दोन्हीकडून तिच्या वाट्याला तिचं स्वतःचं असं काही येतच नव्हतं. तिला बक्कल हवं होतंच, पण त्याहून जास्त हवं होतं ते स्वतःचं नाव.

निघताना हार्लननं हात पुसत तिच्या खांद्यावर ठेवला. "घाबरू नकोस हं. मी आहे तुझ्या पाठीशी."

"बाबा, तुम्ही पाठीशी नाही, समोर बसणार आहात," कोरिन म्हणाली.

"तेच ते," हार्लन म्हणाला.

तेच ते नव्हतं. ते कसं, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळायचं होतं.

बाहेर जूनचं ऊन डांबर वितळवत होतं आणि आत हॉलमध्ये नेहमीप्रमाणे इतका गारठा की सगळे जाडजूड जाकिटं घालून बसलेले. निवेदकानं एकेकाची ओळख करून दिली. कोरिनची पाळी आली तेव्हा तो मोठ्या कौतुकानं ओरडला, "आणि ही आपल्या हार्लनची लाडकी लेक!" टाळ्या पडल्या. कोरिननं दात आवळून हात वर केला.

चार तासांत तिघं बाद झाले. उरले हार्लन, कोरिन आणि अर्जेंटिनाहून आलेला अन्सेल्मो किरोगा. हा किरोगा बारीक, शांत आणि जिभेचा तिखट. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, रचता रचता तो म्हणाला, "एक विचारू? मी दोघांशी खेळतोय, की एका घराशी?"

"खेळून बघ, कळेल," हार्लन हसला.

"बघतोच आहे, काका," किरोगा म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

कोरिनला ते झोंबलं. तिच्या मनात सकाळचा तो चष्मा अजून होता.

पुढच्याच डावात किरोगानं पानं टाकून दिली. बाप आणि लेक समोरासमोर आले. टेबलावर मधोमध एकेक पान उघडत गेलं. बदामचा राजा, बदामची अठ्ठी, इस्पिकचा गुलाम, किलवरची पंजी. कोरिनच्या हातात एक राजा आणि एक गुलाम होता, म्हणजे टेबलावरच्या धरून दोन जोड्या. तिनं भरभरून चिप्स लावल्या, बापानं तेवढ्याच लावत साथ दिली. शेवटचं पान उघडलं, बदामची तिर्री. तीन बदाम झाले. आता समोरच्याच्या हातात दोन बदाम असतील तर पाच बदामांपुढे दोन जोड्या पाण्यात. कोरिन सावध झाली. "चेक," ती म्हणाली. म्हणजे आणखी काही लावत नाही.

आता बोलायची पाळी हार्लनची. त्यानं आपली पानं पाहिली. मग चष्मा कपाळावर सरकवला. "चेक."

कोरिननं आपल्या जोड्या उघड्या केल्या. हार्लननं मान हलवली आणि आपली दोन पानं पालथीच पत्ते वाटणाऱ्या डीलरकडे सरकवली. "तुझंच, पोरी."

टेबलामधल्या चिप्सचा ढीग तिच्याकडे येऊ लागला. त्यात तिची निम्मी पुंजी होती. तो घेतला असता तर ती सगळ्यांच्या पुढे गेली असती. कुणी काही विचारलं नसतं. पण तिनं ढिगावर हात आडवा धरला.

"थांबा. मला ती पानं बघायची आहेत."

हॉलची प्रमुख लूझ आब्रेनिका जवळ आली. ही फिलिपिनो बाई बत्तीस वर्षं या शहरात पत्ते वाटत, निवाडे करत मुरलेली. तिच्या शब्दापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. ती शांतपणे म्हणाली, "कोरिन, आपला नियम तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ही पानं मेलेली, डाव तुझाच. पण जिंकणाऱ्यानंच विचारलं तर ती पुन्हा जिवंत होतात. तुझ्यापेक्षा भारी निघाली तर हा डाव तुझ्या हातून गेला."

"माहीत आहे."

"पोरी, राहू दे ना," हार्लन पुटपुटला.

"उघडा," कोरिन म्हणाली.

डीलरनं पानं उलटली. बदामची छक्की आणि बदामचा एक्का! त्या टेबलावर याला मात देणारं पानच नव्हतं. न हरणारा हात घेऊन, शेवटची पाळी असताना हार्लन टीग चेक म्हणाला होता, आणि वर हरल्याचं सोंग करून पानं फेकून दिली होती. आपल्या माणसाला सांभाळून घेणं ही आमच्या खेळात लबाडी समजली जाते, मग ते माणूस पोटचं का असेना.

"काका," किरोगा सावकाश म्हणाला, "मला उत्तर मिळालं."

लूझनं निवाडा दिला. डाव हार्लनचा. आणि सांभाळून खेळल्याबद्दल हार्लन तीन डाव टेबलाबाहेर. त्रेसष्ट वर्षांचा, दोन बक्कलांचा मानकरी, सगळ्या हॉलदेखत उठून बाहेर गेला. लेकीनं वर पाहिलं नाही. तिचे डोळे भरले होते, आणि डोळे भरले असताना खेळू नये हे तिला बापानंच शिकवलं होतं.

लूझ दाराबाहेर त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बोल, काय बोलायचं ते," हार्लन म्हणाला. "बाप आहे मी. पोरीचं तोंड उतरलेलं बघवत नाही मला. गुन्हा केला?"

"तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तू वेडला बाद केलंस," लूझ म्हणाली. "आठवतं?"

"केलं की. डोळ्याची पापणी न हलवता."

"आणि महिनाभर गावभर सांगत फिरलास, पोराला कसा धुतला म्हणून. तेव्हा बाप नव्हतास?"

लूझ तेवढ्यावर थांबली नाही.

"पोराला तू हरवलंस, कारण तो सोसेल याची तुला खात्री होती. पोरीबद्दल ती खात्री तू कधी करूनच घेतली नाहीस. याला माया म्हणतोस तू? हार्लन, तू तिला बत्तीस वर्षं सांगत आलास की तुला जे मिळतं ते मी देतो म्हणून मिळतं. बाहेरचे लोक बोलतात ते वेगळं काय बोलतात? आणि तो किरोगा? घरदार सोडून इतक्या लांबून आला तो. तुझ्या लाडाची किंमत त्यानं का मोजायची?"

"तिनं भर हॉलमध्ये माझं नाक कापलं, लूझ."

"नाक तू कापून घेतलंस. तिनं फक्त पान उलटलं. आणि उलटताना काय गमावतेय हे तिला ठाऊक होतं. या हॉलमध्ये मी पुष्कळ धिटाई पाहिली आहे. हातात आलेला डाव खऱ्यासाठी परत करणारी पाहिली नव्हती. तुझ्या जागी मी असते ना, तर छाती फुगवून आत गेले असते."

हार्लननं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि नाकावर घट्ट बसवला.

आत एव्हाना कोरिननं उरल्यासुरल्या चिप्स एका डावात पणाला लावून किरोगाकडून दुप्पट करून घेतल्या होत्या. रडत बसली नव्हती ती. हार्लन टेबलाजवळ आला, पण बसला नाही.

"किरोगा, मी तुझा गुन्हेगार आहे. माफ कर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि कोरिन, तुझा जास्त. तुला कमी लेखलं मी. लाड समजून कमी लेखलं. आता सांभाळ, मी खेळायला आलोय."

"बसा मग," कोरिन म्हणाली. "भाषण पुरे."

हॉल हसला. आणि मग जो खेळ झाला, तो ज्यांनी पाहिला ते आजही सांगतात. अर्ध्या तासात हार्लननं किरोगाला बाद केलं. जाताना किरोगानं दोघांशी हात मिळवले. "आता पटलं," तो म्हणाला. "तुम्ही दोघं खरंच दोघं आहात."

मग दोन तास बाप आणि लेक. हार्लननं तिला एक इंच सोडलं नाही. तिच्या चिप्स ओरबाडल्या, तिला धमकावलं, कोंडीत धरलं. तीही काही कमी नव्हती. एकदा तर हातात काही म्हणता काही नसताना तिनं अशी बेधडक चाल केली की हार्लननं पाच मिनिटं डोकं धरून विचार केला आणि चांगला हात टाकून दिला. तिनं आपली पानं उघडी करून दाखवली. दुर्री आणि सत्ती! हार्लन संतापानं लाल झाला आणि पाण्याची बाटली आपटली. तो संताप पाहून कोरिनला इतका आनंद झाला, की आयुष्यात कुठल्या बक्षिसानं झाला नव्हता. सोंग करणारा माणूस असा चिडत नाही.

शेवटच्या डावात तिनं गुलामांच्या जोडीवर सगळं लावलं. हार्लन क्षणभरही न थांबता तेवढ्याच चिप्स पुढे सारत म्हणाला, "आलो." त्याच्याकडे एक्का आणि राणी. चार पानांपर्यंत कोरिन पुढे होती. पाचवं पान पडलं, राणी.

कोरिन हरली.

तिनं टेबलाकडे नाही, आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा नाकावर होता. आणि त्याच्यामागे हार्लनचे डोळे वाहत होते, पण त्यानं ते दुसरीकडे वळवले नव्हते. ती उठली आणि बापाच्या गळ्यात पडली. "थँक यू, बाबा," ती म्हणाली. हरल्यावर आभार मानणारी खेळाडू आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

निवेदकाच्या हातातला माइक लूझनं काढून घेतला. "दुसरा क्रमांक, कोरिन टीग." एवढंच. कुणाची मुलगी वगैरे काही नाही. आणि सगळा हॉल उभा राहिला. जिंकणाऱ्याला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या तिला मिळाल्या, आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता तिसरं बक्कल मिळवलेला म्हातारा.

पुढच्या रविवारी नाश्त्यानंतर नेहमीसारखे पत्ते पडले. वेड सुटला. उरले बाप आणि लेक. हार्लननं पानं पाहिली, चष्मा होता तिथेच राहू दिला आणि खाडकन पानं उघडी टाकली. "तीन नव्व्या. हं, बोल."

कोरिनकडे एक जोडी होती, तीही चौक्यांची.

"हुश्श," वेड म्हणाला. "देव आहे."

"तव्याला अंडं चिकटलंय, नीट घास," हार्लन खुर्चीत रेलून म्हणाला.

कोरिननं बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला. बाईमाणसानं भांडी घासावीत असं मी सांगतोय, असा कृपा करून अर्थ काढू नका. मी सांगतोय ते एवढंच, की त्या घरात नियम एक होता आणि तो त्या दिवशी पहिल्यांदा तिलाही लागू झाला. आपणही आपल्या लेकींना जपतो, त्यांच्यासाठी पानं पालथी टाकतो, आणि वर त्यांना कमकुवत म्हणतो. मंडळी, लेकीला जिंकून देऊ नका. तिच्याशी खरं खेळा. तिचं जे आहे ते तिचं ती घेईल.

कोरिन तवा घासत होती आणि शीळ घालत होती. "पुढच्या रविवारी बघते तुम्हाला," ती मागे न वळता म्हणाली.

"बघ," हार्लन म्हणाला. या वेळी तो खरोखरच थोडा घाबरला होता.