ऐंशी घरांचं कार्ड

सूर्यभानला त्या खोलीची आठवण आली की आधी वास आठवतो. खिडकीतून मळीचा आंबूस वास यायचा, आणि आत तापलेल्या यंत्राच्या तेलाचा. साल एकाहत्तरचं. मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेला सूर्यभान शेवगावहून आला आणि प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात चिकटला. कारखान्यानं मुंबईच्या कंपनीकडून कॉम्प्युटर भाड्यानं आणला होता. कॉम्प्युटर म्हणजे कपाटांएवढी तीन लोखंडी यंत्रं. सभासदाची माहिती जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून भरायची. यंत्र ती कार्डं वाचायचं आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा याच्या चिठ्ठ्या खडाखडा छापायचं. भोकांतून पडलेले कागदाचे कण आसपासच्या बायका लग्नासाठी मागून न्यायच्या. अक्षतांत मिसळले की नवरदेवाच्या फेट्यावर झकास दिसतात, म्हणायच्या.

कार्डावर ऐंशी घरं होती आणि एका घरात एकच इंग्रजी अक्षर बसायचं. नावाला कंपनीनं बारा घरं दिली होती. बारा अक्षरांत कानिफनाथ मावायचा, त्याचा बाप मात्र कापला जायचा. सभासदाला नंबर असायचा, पण तो लक्षात कोण ठेवतो? शिवारात माणूस शोधायचा तो नावानंच.

आणि एके दिवशी नको तेच झालं. एकाच गावात दोन राहीबाई होत्या. एक राहीबाई मच्छिंद्र गागरे, दुसरी राहीबाई मच्छिंद्र म्हसे. दोघींच्याही चिठ्ठीवर इंग्रजीत छापलं जायचं 'राहीबाई मच्छ', एवढंच. म्हसेबाईंची चिठ्ठी घेऊन तोडणीची टोळी गागरेबाईंच्या शेतात शिरली आणि त्यांनी बेण्याला राखलेला अर्धा एकर ऊस दुपारपर्यंत आडवा केला. तिकडे म्हसेबाईंचा ऊस तुरे काढून वाळत उभा.

दुसऱ्या दिवशी गागरेबाई यंत्राच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, हातात ती चिठ्ठी. नेमका त्याच दिवशी कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला होता. कचेरीचे प्रमुख आबासाहेब त्याला सांगत होते, "साहेब, वेग वाढवा. तासाला चिठ्ठ्या जास्त निघाल्या पाहिजेत." इंजिनिअर वहीत लिहून घेत होता.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?" बाईंनी विचारलं.

सूर्यभाननं अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघा मावशी. राहीबाई मच्छ."

"मच्छ? आन् पुढं?"

"पुढं जागा न्हाई."

"आरं, जागा न्हाई म्हून माज्या मालकाचं नाव तोडलं का तुमी?"

आबासाहेब त्यांना बाहेर न्यायला उठले, पण इंजिनिअरनं हात करून थांबवलं. गोरा, चष्मेवाला, जेमतेम तिशीचा माणूस. त्यानं एक कोरं कार्ड घेतलं, दारातल्या रिकाम्या बारदानावर बाईंसमोर बसला आणि समजावू लागला. हा सभासद नंबर, हे गाव, ही उसाची जात, ही लागणीची तारीख. "आणि हे एक घर राज्याचं, ही दोन जिल्ह्याची."

"जिल्ला कशाला?" बाई म्हणाल्या. "आमी काय दुसऱ्या जिल्ल्यातून ऊस आनतो व्हय? समदे हितलेच की."

इंजिनिअर हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं कार्ड उजेडात धरून पाहिलं. "शेवटची ही सहा घरं राखीव आहेत," तो हळूच म्हणाला.

"कुनासाटी राखीव?"

"ते मलाही ठाऊक नाही, बाई."

त्यानं मुंबईला जाऊन वरिष्ठांना सगळं लिहून दिलं. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. आबासाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं: कार्डाचा नमुना सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच असतो, त्यात बदल होणार नाही, मात्र वेगवान छपाईयंत्र पुढच्या हंगामाआधी मिळेल. आबासाहेब खूष झाले. सूर्यभानला त्या दुपारचा चहा गोड लागला नाही.

हंगाम संपला, पट्टा पडला, कारखाना गप्प झाला. ऐन पावसाळ्यात नवं यंत्र बसवायला तोच इंजिनिअर आला. काम आटोपल्यावर त्यानं दार लोटलं, कार्डावरचं कुठलं घर कशासाठी वाचायचं हे ठरवणारा, यंत्राच्या पोटातला तारांचा फळा बाहेर काढला आणि एकेक तार उपसून दुसरीकडे खोचू लागला. राज्याचं एक, जिल्ह्याची दोन, राखीव सहा. नऊ घरं नावाला गेली.

"कंपनीला कळवलं का, साहेब?" सूर्यभाननं विचारलं.

"कळवलं की नको म्हणतील. कार्डं मात्र तुम्हाला पुन्हा पाडावी लागतील. सगळी."

चार हजारांवर कार्डं होती. सूर्यभाननं श्रावण-भादव्यात ती पुन्हा पाडली. बोटांची टोकं सुजली, तरी त्या दोन महिन्यांइतका आनंदात तो नंतर कधी नव्हता. एकेका कार्डावर माणूस त्याच्या बापासकट उभा राहत होता.

पहिली चिठ्ठी घेऊन तो स्वतः सायकलवर गागरेबाईंच्या वस्तीवर गेला. राहीबाई मच्छिंद्र, आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं. म्हसेबाईंची दोन वेगळी. बाईंनी चिठ्ठी हातात घेऊन सगळ्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं.

"मालकाचं कुटून सुरू हुतं?"

त्यानं दाखवलं. त्या बराच वेळ तिथंच बोट ठेवून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बस बाबा, शेंगा भाजल्यात."

मराठीत नाव काही आलं नाही. ते मागायचं सुचलं असतं तरी कुणी दिलं नसतं. पण यंत्र परत जाईपर्यंत, पुढची पाच-सहा वर्षं, तारा तशाच राहिल्या. इंजिनिअरची बदली झाली. त्याच्या जागी येणारा प्रत्येक नवा साहेब फळा पाहून कपाळाला आठ्या घालायचा आणि विचारायचा, "हे कोणी केलं?"

सूर्यभानला चिठ्ठीवरचं गागरेबाईंचं बोट आठवायचं. तो कार्डांची चळत ठोकून सरळ करायचा आणि म्हणायचा, "एका गिऱ्हाइकानं."