दोन बोटं वर

गुन्हा असा होता की माझ्या काकांची हनुवटी दोन बोटं वर होती. साल एकसष्ट. फिर्यादी, भगवानराव पाटील.

काका, म्हणजे नागोराव, गावचे कोतवाल. दारव्ह्याहून सरकारी कागद आणायचे, दवंडी द्यायची, हे त्यांचं काम. पाटलाच्या पोरीच्या मांडवावर चढून डहाळे बांधणं त्यात नव्हतं. ते बांधतानाच साठ साली काका डोक्यावर पडले. लग्न मात्र वेळेवर लागलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेचे मणके एकमेकांना सांधले. प्लास्टर निघाल्यावर म्हणाले, "मानेला मुळात विळ्यासारखा बाक असतो. हाड जुळताना तुमचा बाक वाढला. हनुवटी वरच राहील. जोर लावून खाली करू नका. सांधलेलं हलणार नाही, पण सगळा ताण वरच्या-खालच्या मणक्यांवर जाईल."

कांताकाकूंनी विचारलं, "मंग ताटातलं यायले दिसन कसं?"

"ताट उचलून धरायचं."

"घ्या! आता भाजी कशी झाली ते नाकानंच पाहा," काकू म्हणाल्या आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

चावडीत काका उभे राहिले की त्यांची नजर पाटलाच्या डोक्यावरून थेट भिंतीवरच्या पालीकडे जायची. पाल काही बोलली नाही. भगवानरावांनी मात्र तहसीलीत अर्ज दिला : 'छप्पन साली धर्म बदलल्यापासून हा इसम मान वर करून उभा राहतो. कोतवालीवरून काढावे.' आमच्या घरात दुसरी नोकरी नव्हती. मी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून उत्तर लिहिलं, आणि लिहिताना दोन टाक मोडले.

चौकशीला नायब तहसीलदार आले. चिठ्ठी वाचली. भगवानराव एकदम लोण्यासारखे झाले.

"अरे नागो, मंग आंधी सांगाचं ना! मले वाटलं तुले माज आला. सायेब, दुखणंच हाय त्याले. फक्त एवढं लिहून घ्या, का मान साठच्या दुखण्यानं वर हाय, नाही तं खालीच राह्यली असती."

साहेबांनी तसं लिहिलं आणि टाक पुढे केला. "सही करा. नोकरी राहील."

माझं डोकं भणभणलं. मांडव याचा, पडले काका, आणि माफी देणारा हाच!

काकांनी कागद ताटासारखा उचलून डोळ्यांसमोर धरला. सावकाश वाचला.

"सायेब, यात साल चुकलं."

"कोणतं साल?"

"हाड साठले जुळलं. मान छप्पनलेच वर झालती. सही नाही करत मी."

कोतवाली गेली. हुकमात कारण लिहिलं होतं, 'मान'.

सोमवारी आमच्या वस्तीतले सतरा जण हनुवटी दोन बोटं वर करून चावडीसमोरून गेले. सगळ्यात पुढे मी होतो, त्यामुळे म्हशीवर आदळलोही मीच. परत येताना पुन्हा तसेच आलो. असं आठवडाभर. मग भगवानरावांनी नवा अर्ज दिला : 'वस्तीत मानेची साथ आली आहे.'

आरोग्य खात्याचे डॉक्टर सुया घेऊन आले. सतरा माना एकेक करून चाचपल्या.

"हाडं ठीक आहेत सगळ्यांची."

"मंग खाली काहून होत नाही?" भगवानराव ओरडले.

डॉक्टरांनी सुया परत डब्यात ठेवल्या.