माझ्या दोन नळ्यांतला फरक

मी एक जुना तापमापक आहे. खरे तर आम्ही दोघी आहोत, एकाच लाकडी पाटीवर शेजारी शेजारी बसवलेल्या काचेच्या दोन नळ्या. पण संसार एकच असल्यामुळे मी 'मी' असेच म्हणतो. माझी उजवी नळी कोरडी असते. डाव्या नळीच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली असते आणि वातीचे दुसरे टोक पाण्याच्या कुपीत बुडालेले असते. हवा कोरडी असली की वातीतले पाणी भराभर उडते, डावी नळी गार पडते आणि दोन आकड्यांत फरक पडतो. हवा ओलीचिंब असली की पाणी उडतच नाही आणि दोन्ही नळ्या एकच आकडा दाखवतात. मित्रांनो, एवढे नीट लक्षात ठेवा. फरक जास्त म्हणजे हवा कोरडी. फरक शून्य म्हणजे धुके.

मला घडवणारा कारागीर फार तिरसट होता. पाव अंशाने चुकणारी नळी तो सरळ टोपलीत आपटायचा. मला त्याने बर्फात बुडवले, वाफेत धरले, भिंगातून तपासले आणि काही न बोलता खोक्यात ठेवले. त्याच्याकडून याहून मोठे कौतुक कुणालाच मिळाले नव्हते. मी कधी चुकत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले.

तिथून मी एका डोंगराच्या माथ्यावर आलो. चार पायांची, फटीफटींची पांढरी पेटी हे माझे घर झाले. हवामानाची नोंद घ्यायला निरीक्षक रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला यायचे. अंगात ताप असला तरी यायचे. एकतीस वर्षांत त्यांचा एकदाही खाडा झाला नाही. त्या काळी माथ्यावर ढग मुक्कामालाच असायचे. निरीक्षक धुक्यातून चाचपडत येत, पेटीचे दार उघडत, माझ्याकडे पाहत आणि समाधानाने म्हणत, "शून्य." त्या घरात शून्य हा शब्द आनंदाचा होता. त्यांची मुलगी लहानपणी परीक्षेतला शून्यसुद्धा हसतमुखाने दाखवायला आणायची, असे तेच सांगत.

या धुक्याच्या जिवावर तिथे एक बेडूक राहत होता. अंगठ्याच्या नखाएवढा, तपकिरी, आवाज मात्र खणखणीत. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, कातडीतूनच पाणी पितो. म्हणून कुठली हवा कुणाला मानवेल, हे त्याच्या कातडीवर ठरते. डोंगराच्या पायथ्याला जाड, खरबरीत कातडीचे भेक राहत. ते दगडाखाली दडून कोरडे महिनेही काढत. मधल्या उतारावरच्या भुसभुशीत मातीत देवगांडूळ होते, बेडकांचे बिनपायांचे नातेवाईक. आमचा नखाएवढा मात्र ढगाच्या पट्ट्यातच जगू शकत होता. तो डबक्यात अंडी घालत नसे, ओल्या शेवाळात घाली आणि त्यांतून बेडूकमाशांऐवजी थेट इवले बेडूकच निघत. त्या अंड्यांना कवच नसते, नुसता चिकट गर असतो. हवा एक दिवस कोरडी पडली तरी ती आक्रसतात.

निरीक्षकांची मुलगी मोठी होऊन याच बेडकांमागे लागली. सगळे तिला बेडूकबाई म्हणत आणि तिलाही ते आवडे. पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या वाटेवर अठरा खांब होते. दरवर्षी ती संध्याकाळी वाट चढत जाई आणि कितव्या खांबापासून त्यांचा आवाज सुरू होतो ते लिहून घेई. पहिल्या वर्षी सहाव्या खांबापासून आवाज आला. काही वर्षांनी नवव्यापासून. मग बाराव्यापासून. मग पंधराव्यापासून. उकाडा खालून वर सरकत होता, ढगाचा पट्टा वर चालला होता आणि त्याच्या मागोमाग बेडूकही. अठराव्या खांबाला माझी पेटी होती. तिच्यावर नुसते आकाश होते.

माझे आकडेही तेच सांगत होते. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "जुनं झालंय हे, चढं दाखवत असेल." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. निरीक्षकांनी मला बर्फात बुडवून दाखवले. मी बरोबर निघालो. साहेबांचे तोंड एवढेसे झाले आणि मी आनंदाने फुगलो. आज वाटते, त्या दिवशी मी चुकीचा ठरलो असतो तर किती बरे झाले असते.

निरीक्षक निवृत्त झाले आणि माथ्यावर स्वयंचलित यंत्र आले. त्याच सुमारास अठराव्या खांबालाही आवाज क्षीण होऊ लागला. मग बेडूकबाईने उरलेले बेडूक गोळा केले. सगळे मिळून तेवीस भरले, त्यांत माद्या सहा. पायथ्याच्या संशोधन केंद्राच्या तळघरातल्या एका खोलीत तिने त्यांच्यासाठी काचेचे मोठे घर केले. शेवाळ, ओले दगड, हवा गार ठेवणारे यंत्र आणि तुषार सोडणारी नळी. तिथली नोंद कशाने करायची, हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "बाबांचा तापमापक लावा. तो खोटं बोलत नाही."

त्या काचघरात मी लटकलो तेव्हा मला केवढा मान वाटला, काय सांगू.

तीन आठवड्यांनी दोन माद्यांनी अंडी घातली. एका ढिगात एकोणीस, दुसऱ्यात बावीस. बेडूकबाईला हर्ष झाला आणि धास्तीही वाटली. बुटांबरोबर बाहेरची बुरशी आत आली तर सगळेच संपायचे. म्हणून अंडी फुटेपर्यंत खोलीत कुणी पाऊल टाकायचे नाही, असे तिने ठरवले. दाराला काचेची खिडकी होती. तिच्यातून माझे आकडे दिसत आणि तुषाराची चावी बाहेरच होती.

दार लावण्यापूर्वी तिने एक चूक केली. शुद्ध पाण्याचे कॅन त्या आठवड्यात कमी आले होते. बेडकांना कमी पडू नये म्हणून तिने सगळे शुद्ध पाणी तुषाराच्या टाकीत ओतले आणि माझी कुपी नळाच्या पाण्याने भरली. ते पाणी क्षाराचे होते. क्षाराने वात बुजते, हे बाबांनी तिला सांगितले नव्हते असे नाही. पण समोर तेवीस जीव आणि एक वात, यांत तिने जिवांना झुकते माप दिले. तिला बोल कुठल्या तोंडाने लावू?

चौथ्या दिवशी माझ्या वातीवर पांढरा थर धरू लागला. सहाव्या दिवशी ती कडक झाली आणि तिने पाणी ओढणे सोडले. मित्रांनो, वात सुकली की डावी नळीही उजवीसारखीच कोरडी होते. मग दोघी एकच आकडा दाखवतात. फरक शून्य.

बेडूकबाईने खिडकीतून पाहिले आणि तिचा चेहरा फुलला. "शून्य," ती म्हणाली, अगदी बाबांसारखीच. इतकी ओल राहिली तर अंड्यांना बुरशी धरेल, म्हणून तिने तुषाराची चावी थोडी आवळली. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिने चावी आणखी आवळली. हवा कोरडी होत चालली होती आणि मी आनंदवार्ता देत होतो. माझ्या पायाशी शेवाळाच्या कडा करड्या पडल्या. नर एकेक करून गप्प झाले. तिला वाटले, अंडी राखायला बसले असतील. ते दगडाखालच्या शेवटच्या ओलीला अंग चिकटवून बसले होते. मी ते पाहत होतो आणि माझ्याकडे आवाज नव्हता. ज्या खरेपणाचा जन्मभर तोरा मिरवला, त्याच खरेपणाच्या विश्वासावर मी त्यांना मारत होतो.

पंधराव्या दिवशी निरीक्षक लेकीला भेटायला आले. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. खिडकीतून त्यांना काही दिसेना.

"फरक किती आहे गं?" त्यांनी विचारले.

"शून्य, बाबा. आज नववा दिवस."

"मध्ये कधी पाव, अर्धा?"

"एकदाही नाही. चावी इतकी आवळली तरी शून्यच."

निरीक्षकांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाले, "बाळा, एकतीस वर्षांत माथ्यावर मी सलग नऊ दिवस शून्य कधी पाहिला नाही. दुपारी धुकंसुद्धा घटकाभर उठतं. तू आत जा आणि वातीला बोट लाव."

"आत जाता येत नाही, बाबा. बुरशी येईल."

"ती आली तर बघू. तू आधी बोट लाव."

तिने धुतलेले बूट घातले, हात निर्जंतुक केले आणि आत आली. तिचे बोट माझ्या वातीला लागले तेव्हा क्षाराची भुकटी खाली पडली. धावत बाहेर जाऊन तिने चावी पूर्ण उघडली आणि परत येऊन शेवाळ उचकटू लागली. एकोणीस अंड्यांचा ढीग वाळून एकमेकांना चिकटला होता. बावीसच्या ढिगात खालच्या थरात सात अंडी अजून तुकतुकीत होती. तेवीसपैकी चौदा बेडूक जिवंत निघाले. त्यांत मादी एकच.

"मी मारलं त्यांना, बाबा," ती म्हणाली.

"आपल्याला शून्य बघायचा होता ना, म्हणून दिसला," निरीक्षक म्हणाले. "मी असतो तरी पहिले चार दिवस पेढ्यासारखा गिळला असता."

मित्रांनो, मला नवी वात मिळाली आहे, कुपीत शुद्ध पाणी आहे आणि आता मी पुन्हा खरे सांगतो. तरी तुम्हाला हात जोडून एक विनंती करतो. माझ्यासारखे एखादे जुने, मानाचे साधन तुम्हाला हवी तीच बातमी रोज सांगू लागले, तर त्याच्यावर खूश होऊन बसू नका. उठा आणि स्वतःच्या बोटाने ओल आहे का ते पाहा. मुक्या जिवांना तक्रार करता येत नाही आणि आम्हा साधनांना कबुली देता येत नाही.

सात अंडी फुटली. मोहरीच्या दाण्यांएवढी सात पिल्ले शेवाळावर चढली, तेव्हा बेडूकबाईने वर माथ्यावरच्या यंत्राचे आकडे मागवले. ही मोठी झाली की कुठल्या खांबाला सोडायची, ते तिला ठरवायचे होते. तिने कागद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. अठरावा खांब, गेले चाळीस दिवस, सगळ्यात कमी फरक साडेतीन; धुके एकदाही नाही.

निरीक्षकांनी विचारले, "यंत्र तपासलंस?"

"काल स्वतः वर जाऊन आले," ती म्हणाली. "बरोबर आहे."