कुलपामागची रंभाबाई

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. आता मोडलेले, म्हणून खरे बोलायला हरकत नाही. जन्म अलीगढचा, विक्री नागपूरच्या इतवारीतली. दुकानदाराने माझी एवढी तारीफ केली होती, की बरीच वर्षे मी त्या तोऱ्यातच लटकले.

मला घेणारा नत्थू कोष्टी गोळीबार चौकाजवळ राहायचा. रस्त्याकडच्या खोलीत हातमाग, मागे स्वयंपाकघर. सकाळी मी उघडले, की मागाची खटखट सुरू व्हायची आणि त्याची बायको रंभाबाई सुताच्या कांड्या भरायला बसायची. माझे दिवस मजेत चालले होते.

मग सुताचे भाव चढले. अडुसष्ट साली नत्थू भिलाईला कारखान्यात निघाला. रस्त्याकडच्या दाराला त्याने मला लावले, किल्ली करदोड्याला बांधली आणि म्हणाला, "मी येवस्तोर हे दार उघडू नोको."

तो आला नाही. पत्रही आले नाही.

रंभाबाई गल्लीच्या दाराने धुण्याभांड्यांच्या कामाला जायची, तिथूनच परतायची. संध्याकाळी मागावरची धूळ पुसून ती माझ्या दाराला आतून पाठ लावून बसायची. बाहेर मी, आत ती, मध्ये एक फळी. आम्हा दोघांशी कोणी बोलत नसे. मला फार एकटे वाटायचे. तिचे तर विचारूच नका.

ऐंशी साली जनगणनेची घरमोजणी आली. शाळेतले मनोहरराव गुरुजी गेरूने दारोदार नंबर घालत फिरत होते. मला गंज चढलेला, वर कोळ्याचे जाळे, आणि रंभाबाई कामावर गेलेली. नियमाप्रमाणे त्यांनी शेजारच्या धोंडबाला विचारले, "मालक कुठं आहे?"

"तो तं कवाचाच भिलाईले गेला जी. हे दार कोणी उघडतच नाही."

गुरुजींनी लिहिले, 'रिकामे'.

संध्याकाळी धोंडबाने हसत हसत ते रंभाबाईला सांगितले. त्या दिवशी तिची चूल पेटली नाही.

सकाळी तिने गुरुजींना पुढच्या गल्लीतून बोलावून आणले. "बारा वर्सं झाले गुरुजी, मी इथंच राहून राहिली. मले काहून नाही लिहिलं?"

गुरुजी ओशाळले. "समोर कुलूप दिसलं, बाई. चुकलंच माझं. बरं, कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

नवऱ्याचे नाव तिने जन्मात घेतले नव्हते. धोंडबा तिच्या वतीने सांगायला पुढे झाला. "थांब गा," ती म्हणाली, आत गेली आणि वरवंटा घेऊन आली.

तिसऱ्या घावाला माझी कडी तुटली. दुखले, खोटे कशाला बोलू? पण दार उघडले तेव्हा मला हायसेही वाटले.

"लिवा, रंभाबाई," ती म्हणाली. "घरात माणसं, एक." 'एक' म्हणताना मात्र तिला रडू फुटले. गुरुजींनी 'रिकामे' खोडून तिचे नाव नीट लिहिले.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन, त्याचे काही नाही. तुम्ही मात्र दारावर कुलूप पाहून परत फिरू नका. मागच्या दाराने जा, हाक मारा. आत कोणी असेल, तर तिला तिचे नाव विचारा.