हितंच म्हणजे कुठवर?

आमच्या रोबोटचं नाव बायडाबाई. कृष्णातच्या आत्तीचं नाव ते. ती घरातली वस्तू उचलून भलतीकडंच ठेवते, आणि सुरुवातीला आमचा रोबोटही नेमकं तेच करायचा.

२००५ साल होतं. कोल्हापुरात आम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. टीम तिघांची. उचगावचा श्रीशैल वायरिंग बघायचा, बिद्रीचा कृष्णात सांगाडा आणि चाकं, आणि प्रोग्रॅम मी, प्रेरणा. स्पर्धा शिरोलीतल्या एका हॉलमध्ये होती. रोबोटनं ठोकळे उचलून ठरलेल्या चौकोनांत ठेवायचे. गोम एका नियमात होती. ठोकळ्यांच्या जागा त्याच दिवशी सकाळी कळणार, मग टीममधल्या एकाच्या नावाची चिठ्ठी निघणार, आणि त्यानं एकट्यानं पंधरा मिनिटांत प्रोग्रॅम बदलायचा.

माझा प्रोग्रॅम सी भाषेत, चौदा पानांचा. मला त्याचा भलताच तोरा होता. कृष्णात सीच्या पेपरात दोनदा गचकलेला. याला वेल्डिंगपुरता घेतलाय, असं वर्गातली पोरं त्याच्या तोंडावर म्हणायची. चिठ्ठी आपलीच निघाली तर भर हॉलमध्ये शोभा होणार, या धास्तीनं तो जेवायचाही कमी.

सरावाला एकच आकडा बदलायला त्यानं माझी फाईल उघडली, चुकून एक सेमीकोलन खोडला आणि पडद्यावर चाळीस चुका उमटल्या. मी नको नको ते बोलले. तो पान्हा पुसत शांतपणे म्हणाला, "प्रेरणा, ही भाषा तुजी आन् त्या यंत्राची हाय. त्यात मला कुटं जागा हाय?"

मला लाज वाटली. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

आठवडाभर बसून मी ती चौदा पानं आत झाकून टाकली आणि वर फक्त शब्द ठेवले. फुडं, मागं, डावीकडं, उजवीकडं, उचल, ठेव. माउसनं शब्द एकाखाली एक लावायचे की काम झालं. अंतरासाठी सेंटिमीटर ठेवणार होते, पण कृष्णात म्हणाला, माणसं बोलतात तसं ठेव की. मग 'हितंच' आणि 'लांब' असे दोन शब्द घातले. हितंच म्हणजे एक चौकोन, असं मी ठरवून मोकळी झाले.

कृष्णातनं लावलं, फुडं, हितंच, उचल. बायडाबाई एक चौकोन गेली आणि हवा उचलून उभी राहिली. ठोकळा चार चौकोन पुढं होता. याला हितंच म्हणतात का, मी विचारलं. दिसतोय की डोळ्यांनी, तो म्हणाला. बिद्रीत जे दिसतं ते सगळं हितंच. श्रीशैलचं म्हणणं, उचगावात हाक पोचते तिथवर हितंच. दोघांची चांगलीच जुंपली. मी सोडवायला गेले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांचं हितंच ठरवणारी मी कोण?

मी पुन्हा बदल केला. आता 'हितंच' निवडलं की पडद्यावर प्रश्न यायचा, कुठवर? मग बायडाबाईला हातानं ढकलत तिथवर न्यायचं आणि बटण दाबायचं. चाकांचे फेरे ती आपले आपण मोजून ठेवायची.

स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठी निघाली ती कृष्णातचीच. त्याचं तोंड उतरलं. मागून कुणीतरी "वेल्डर" म्हणून हसलं. कृष्णात मात्र विजारीला हात पुसून बसला, शब्द लावले, आणि मग सरळ जमिनीवर गुडघे टेकून बायडाबाईला ठोकळ्याठोकळ्यापर्यंत ढकलत फिरला. शेजारची टीम सेमीकोलन शोधत होती, तोवर याचं नऊ मिनिटांत उरकलं.

सहापैकी पाच ठोकळे जागेवर बसले. सहावा आत्तीच्या वळणावर गेला. आमचा दुसरा नंबर आला.

पुण्याहून आलेले परीक्षक पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले. हा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहिलाय, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीशैलनं माझ्या पायावर पाय दिला.

कृष्णात ताठ उभा राहिला. "माज्या," म्हणाला.

परीक्षक हसले, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि चांगला चहा कुठं मिळेल म्हणून विचारलं.

"हितंच हाय की, सर," कृष्णात म्हणाला, आणि मी गुपचूप रिक्षा बोलवायला गेले.